‘मी काम केलो’ यात नेमकं काय चुकलं?

सोलापूर, लातूर, नांदेड या पट्ट्यातलं मूल वहीत ‘मी अभ्यास केलो’ असं लिहितं आणि त्याखाली लाल रेघ येते. बाजूला दुरुस्ती असते, ‘मी अभ्यास केला’. का, ते सांगितलेलं नसतं. मुलाची आई असंच बोलते, आजोबा असंच बोलतात, गल्लीतली सगळी माणसं असंच बोलतात. मग मूल आपल्या परीनं अर्थ लावतं: आपल्या घरच्यांना नीट बोलता येत नाही.

हा अर्थ चुकीचा आहे आणि तो मुलाच्या मनात रुजू देणं हा अन्याय आहे, असं मला वाटतं. पण नुसतं ‘सगळ्या बोली सुंदर असतात’ म्हणून हा अन्याय दूर होत नाही. त्या वाक्यात काय घडतंय ते उलगडून बघायला हवं.

प्रमाण मराठीत आपण म्हणतो: मी कागद लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं. लिहिणारा प्रत्येक वेळी मीच, तरी क्रियापद माझ्याप्रमाणे चालत नाही. ते कागद, चिठ्ठी, पत्र यांच्या लिंगाप्रमाणे बदलतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. वर्तमानकाळात मात्र ‘मी कागद लिहितो’, ‘मी चिठ्ठी लिहितो’. इथे कर्म काहीही असो, क्रियापद माझ्याच मागे. म्हणजे एकाच भाषेत दोन काळांना दोन वेगळे नियम. सोलापूर-लातूरकडच्या बोलीनं यातला एक नियम सगळीकडे लावला. ‘मी चिठ्ठी लिहितो’, तसंच ‘मी चिठ्ठी लिहिलो’.

आता प्रमाण मराठीचीच आणखी काही वाक्यं घ्या. मी छत्री विसरलो. मी कविता शिकलो. मी चार शब्द बोललो. छत्री स्त्रीलिंगी आहे, पण ‘मी छत्री विसरली’ असं कुठलाही पुणेकर पुरुष म्हणणार नाही. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं कर्म घेतात, तरी भूतकाळात कर्त्याच्या मागे जातात आणि त्यांना कुणी लाल रेघ मारत नाही. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ हे तर त्याहून मजेशीर आहे. त्यातली ‘ली’ चिठ्ठीमुळे आली आणि शेवटचा ‘स’ तुझ्यामुळे. एकाच क्रियापदानं कर्म आणि कर्ता दोघांनाही धरलंय. कर्त्याकडे झुकण्याची ही ओढ प्रमाण मराठीत आधीपासून आहे. ‘मी काम केलो’ म्हणणाऱ्या बोलीनं ती पुरी केली, एवढंच.

तर वहीतल्या त्या वाक्यात व्याकरण आहे, आणि पक्कं आहे. त्या बोलीचा माणूस कधी ‘केलो’ तर कधी ‘केला’ असा अंदाजपंचे बोलत नाही. फक्त ते व्याकरण पाठ्यपुस्तकातलं नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की ही कानडीची भेसळ आहे. शेजारच्या कन्नड आणि तेलुगूत क्रियापद सगळ्याच काळांत कर्त्याप्रमाणे चालतं, आणि सीमाभागात पिढ्यानपिढ्या दोन-दोन भाषा बोलणारी माणसं राहतात. त्यामुळे तिथल्या मराठीला ही सवय लागली, हे म्हणणं पटण्यासारखंच आहे. पण संपर्कानं आलेली गोष्ट भेसळ ठरवायची असेल तर सुरुवात प्रमाण मराठीपासून करावी लागेल. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक घ्या. ‘आम्ही जातो’ म्हटलं की ऐकणारा वगळला जातो, ‘आपण जाऊ’ म्हटलं की तो सामील होतो. हिंदीत ‘हम’ म्हणताना असा भेद करता येत नाही. मराठीत तो द्राविड भाषांच्या सहवासानं आला, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. अण्णा आणि अक्काही तिकडूनच आले. अर्ज, फिर्याद, वकील, जामीन, तारीख, हुकूम हे शब्द फारसीच्या वाटेनं आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी ‘अर्ज’ आजही अर्जच आहे. प्रमाणभाषेनं शेजाऱ्याकडून घेतलं की ती समृद्ध झाली आणि बोलीनं घेतलं की ती बिघडली, हा न्याय मला मान्य नाही.

कधी कधी तर प्रकरण उलटंच असतं, बोली जुनं जपून ठेवते आणि प्रमाणभाषा ते सोडून देते. ‘म्या केलं’, ‘त्वा सांगितलं’ हे अनेकांना अगदी अडाणी वाटतं. नाटकात खेडवळ पात्र दाखवायचं तर त्याच्या तोंडी पहिल्यांदा ‘म्या’ घातलं जातं. पण ‘त्यानं केलं’, ‘रामानं केलं’, ‘तिनं केलं’ या सगळ्यांत ‘नं’ हा प्रत्यय आहे. मग ‘मी केलं’ मध्ये तो कुठे गेला? प्रमाण मराठीत तो पडून गेला आणि ‘मी जातो’ मधलाच ‘मी’ इथेही बसला. ‘म्या’ हे त्या हरवलेल्या विभक्तीचं रूप आहे. १२९०च्या ज्ञानेश्वरीत ‘मियां’, ‘तुवां’ भेटतात. शेतात काम करताना ‘म्या सांगितलं व्हतं’ म्हणणारी बाई सातशे वर्षांहून जुनं रूप वापरत असते आणि तिला हसणारा माणूस त्याचं नवं, झिजलेलं रूप.

म्हणून ‘जुनं ते शुद्ध’ या तर्कानंही बोली हरत नाही. अर्थात जुनं असणं हे काही शहाणपणाचं प्रमाणपत्र नव्हे. ‘म्या’ जितकं योग्य तितकंच ‘मी’ योग्य. मुद्दा एवढाच की चूक-बरोबर ठरवताना आपण भाषेचे नियम बघतो असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात मात्र बोलणारा कोण ते बघतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ‘न’ आणि ‘ण’ मध्ये सापडतो. ‘पानी’ म्हणणाऱ्याला वर्गात हमखास टोकलं जातं. संस्कृतात शब्द होता ‘पानीय’, त्यात ‘न’च आहे, प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि मराठीत ‘पाणी’ आलं. पुढे काही बोलींमध्ये ‘ण’ आणि ‘न’ एक झाले. दोन ध्वनी एक होणं ही जगातल्या सगळ्या भाषांत घडणारी साधी गोष्ट आहे. प्रमाण मराठी बोलणाऱ्यांनी ‘ष’ आणि ‘श’ असेच एक करून टाकलेत. ‘षटकोन’ आणि ‘शहर’ म्हणताना जिभेची जागा बदलणारा माणूस आज शोधून सापडणार नाही. ‘ऋषी’ आपण ‘रुशी’ असाच उच्चारतो. ‘कवी’ लिहिताना शेवटची वेलांटी दीर्घ, संस्कृतात तीच ऱ्हस्व, आणि उच्चारात तर शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व-दीर्घ असा फरक उरलेलाच नाही. ‘ष’ गेल्याची कुणाला लाज नाही, कारण तो सुशिक्षितांच्या तोंडून गेला. ‘ण’ मात्र गरिबांच्या, खेड्यातल्या, विशिष्ट जातींच्या तोंडून गेला. भेद ध्वनीत नाही, तोंडांत आहे.

विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये हेच मोजून दाखवलं. श्रीमंत, मध्यम आणि स्वस्त अशा तीन प्रकारच्या मोठ्या दुकानांत जाऊन तो विक्रेत्यांना असा प्रश्न विचारायचा की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ हेच यावं. त्या दोन शब्दांतला ‘र’ विक्रेते उच्चारतात की गिळतात, हे तो टिपायचा. दुकान जितकं प्रतिष्ठित तितका ‘र’ जास्त ऐकू आला, आणि ‘काय म्हणालात?’ असं पुन्हा विचारल्यावर, म्हणजे माणूस जरा सावध होऊन बोलल्यावर, तो आणखी वाढला. गंमत म्हणजे इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात हाच ‘र’ गिळायचा असतो. एकाच भाषेतला तोच ध्वनी एका किनाऱ्यावर मानाचा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर गावंढळ.

मग प्रमाणभाषा म्हणजे काय?

आधी एक गुंता सोडवू. ‘प्रमाण’, ‘औपचारिक’ आणि ‘लेखी’ हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रमाण विरुद्ध बोली हा प्रदेशाचा आणि समाजाचा फरक आहे. औपचारिक विरुद्ध अनौपचारिक हा प्रसंगाचा फरक आहे. ‘चल, पळतो मी, बोलू नंतर’ हे वाक्य पूर्ण प्रमाण आहे आणि पूर्ण अनौपचारिकही. उलट सोयरीक जुळवायला बसलेल्या बैठकीत वडीलधारी माणसं खानदेशातल्या अहिराणीत जे तोलून-मापून, मान राखून बोलतात ते बोलीतलं औपचारिक बोलणं असतं. बोली म्हणजे नेहमी सैल, चेष्टामस्करीची भाषा, ही समजूत फक्त विनोदी कार्यक्रमांमधून बोली ऐकणाऱ्यांची आहे.

तिसरा फरक लेखी आणि तोंडी भाषेचा. पुण्याच्या सुशिक्षित घरातसुद्धा कुणी ‘मी जेवण केले आहे’ म्हणत नाही. ‘मी जेवलोय’ म्हणतात. ‘केलें’ या जुन्या सानुनासिक रूपाच्या दोन वाटा झाल्या. लिखाणात अनुस्वार गळून ‘केले’ उरलं, बोलण्यात ‘केलं’ झालं. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२मध्ये आले, व्युत्पत्तीपोटी दिले जाणारे अनुस्वार गेले, आणि पात्राच्या तोंडी ‘केलं’ चालेल पण एरवी ‘केले’ लिहावं, असं ठरलं. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून या लेखापर्यंत सगळीकडे ‘केलं’, ‘असं’ सर्रास दिसतं. म्हणजे लेखी प्रमाण मराठी ही कुणाच्याच घरात बोलली जात नाही. ती सगळ्यांनाच शाळेत शिकावी लागते. काहींच्या घरापासून ती दोन पावलांवर असते, काहींच्या घरापासून दोन कोसांवर. दोन पावलं चालून आलेल्याला आपण हुशार म्हणतो आणि दोन कोस चालून आलेल्याला त्याचे उच्चार सुधारायला सांगतो.

जाता जाता, कार्यालयीन मराठीचा बोजा प्रमाणभाषेच्या माथी मारू नये. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की’ ही एक लेखनशैली आहे. ‘तुमचा अर्ज मिळाला. त्याला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही’ हेही तितकंच प्रमाण आणि कितीतरी जास्त कामाचं.

प्रमाणभाषा घडली कशी, हे पाहिलं की तिच्याभोवतीचं सोवळं आपोआप सुटतं. विल्यम केरीनं बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं. याच काळात मुंबई इलाख्यात सरकारी शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तकं छापली जाऊ लागली. छापायचं म्हटलं की कुठलं तरी एक रूप निवडावं लागतं. मोल्सवर्थच्या हाताखाली शास्त्री-पंडित होते, शिक्षणखात्याचं वजन पुण्या-मुंबईत होतं, त्यामुळे पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण वर्गाचं बोलणं पायाभूत ठरलं. त्या वेळी नागपूर भोसल्यांकडे होतं, ते १८५४मध्ये खालसा झालं. वऱ्हाड १८५३पर्यंत निजामाच्या ताब्यात होतं आणि मराठवाडा तर १९४८पर्यंत. ज्या खोलीत मराठीची घडी बसवली जात होती तिथे हे प्रदेश हजरच नव्हते. पहिला छापखाना, पहिली शाळा आणि पहिला कोश नागपुरात झाला असता, तर आज पुस्तकात ‘मले’, ‘तुले’ असतं आणि पुण्याच्या मुलाच्या ‘मला’खाली लाल रेघ आली असती.

याचा अर्थ प्रमाणभाषा टाकून द्यावी असा नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशी मी सहमतही नाही. सावंतवाडीचा वकील आणि गोंदियाचा न्यायाधीश एकाच कागदावर भांडू शकतात, ते तिच्यामुळे. विज्ञानाचं पुस्तक, विम्याचा करार, औषधाच्या बाटलीवरची सूचना यांना एक स्थिर, सगळ्यांना कळणारं रूप लागतं. गरीब घरातल्या मुलाला ती न शिकवणं म्हणजे पुढची दारं त्याच्यासाठी बंद करणं. तिची गरज खरी आहे, फक्त तिचं श्रेष्ठत्व खोटं आहे.

बारा कोसांचा हिशेब

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपण म्हणतो. भाव खरा, पण चित्र फसवं. त्यातून असं वाटतं की एका खांबापर्यंत एक बोली आणि खांब ओलांडला की दुसरी. प्रत्यक्षात प्रत्येक लकबीची हद्द वेगळी असते. ‘मला’ची जागा वऱ्हाडात ‘मले’ घेतो, खानदेशात ‘माले’, मालवणीत ‘माका’. ‘आहे’चं देशावर ‘हाय’ होतं, अहिराणीत ‘शे’. ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तो टापू आणखी वेगळा. नकाशावर या सगळ्यांच्या रेघा काढल्या तर त्या एकमेकींना कापत, गुंतत जातात. जिथे बऱ्याच रेघा जवळ येतात तिथे आपण बोलीची सीमा मानतो, आणि तीही सोयीपुरतीच. शिवाय एकाच गावात जातीनुसार, पिढीनुसार, धंद्यानुसार बोलणं बदलतं.

कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. पण ‘आम्ही जातो’ म्हणताना प्रमाण मराठीतही बाई-पुरुष असा भेद नसतो. कोल्हापूरनं अनेकवचनातली सोय एकवचनातही आणली. वऱ्हाडीतलं ‘तो काय करून राह्यला?’ हेही असंच नीट घडवलेलं रूप आहे. ते चालू काळच दाखवतं, फक्त ‘राहणे’ या क्रियापदाच्या आधारानं.

मग ‘भाषा’ कुठली आणि ‘बोली’ कुठली, हे कोण ठरवतं? व्याकरण नाही ठरवत. नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिश बोलणारे एकमेकांचं बरंच समजू शकतात, तरी त्या तीन भाषा, कारण देश तीन. चिनीच्या कित्येक ‘बोली’ एकमेकींना अजिबात कळत नाहीत, तरी त्या एकाच भाषेत गणल्या जातात. आपल्याकडे कोकणीला मराठीची बोली म्हणायचं की नाही यावर प्रचंड वाद झाला. साहित्य अकादमीनं १९७५ साली तिला स्वतंत्र भाषा मानलं आणि १९९२मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. हिंदीखाली धरली जाणारी मैथिली २००३च्या घटनादुरुस्तीनं तिथे पोचली. अहिराणीला आपण सहज मराठीची बोली म्हणतो, पण २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ वेगळी मोजली आहे आणि १८ लाखांहून अधिक लोकांनी तीच आपली मातृभाषा सांगितली आहे. या निर्णयांमागे लोकांची अस्मिता, चळवळी आणि सरकार असतं. त्यात काही गैर नाही. फक्त त्याला व्याकरणाचा निवाडा समजू नये.

परत त्या वहीकडे

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. मराठी शाळेत मराठी मूल बसलं की ही अट पुरी झाली, असं आपण धरून चालतो. ज्याच्या घरी ‘माले’ आणि ‘शे’ आहे त्याच्यासाठी ती अर्धीच पुरी झालेली असते.

शिक्षकांना यासाठी फार काही नवं करावं लागत नाही. फळ्याच्या दोन बाजू करायच्या. डावीकडे ‘मी अभ्यास केलो’, उजवीकडे ‘मी अभ्यास केला’. डावीकडचं घरात आणि गावात, उजवीकडचं वहीत आणि परीक्षेत. मग मुलांनाच विचारायचं की दोन्हींत फरक काय आणि तो कुठल्या नियमानं पडतो. ‘मी छत्री विसरलो’ फळ्यावर लिहून हे कुठल्या बाजूला टाकायचं, असं विचारलं की वर्ग हमखास वाद घालू लागेल. असा वाद घालताना मुलं कर्मणी-कर्तरी प्रयोग जितका नीट शिकतील तितका तो पाठांतरानं येणार नाही. दोन रूपं माहीत असलेल्या मुलाला व्याकरण हाताशी असतं. एकच रूप माहीत असलेल्याला ते कोरडं वाटतं. लाल रेघ दोन रूपांच्या या साधनाचाच वापर टाळते.

घरी आपल्यालाही करण्यासारखं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते सगळ्यांना पाहता-ऐकता येईल असं खुलं ठेवलं आहे. आपल्या आजीचं बोलणं त्यात असेलच असं नाही, पण फोनवर ते टिपायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त आजीची लागते. शब्दांची यादी विचारू नये. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ म्हटलं की माणसं सावध होतात आणि शाळेतलं बोलू लागतात, त्या दुकानांतल्या विक्रेत्यांसारखीच. तिला एखादी घडलेली गोष्ट सांगू द्यावी. भांडण, पूर, लग्नातला गोंधळ. गोष्ट रंगली की क्रियापदं आपोआप आपल्या जागी येतात.

आणि बोलीत लिहायचं असेल तर ते पात्रांच्या संवादापुरतं ठेवायची गरज नाही. निवेदनही बोलीत करता येतं, पत्र लिहिता येतं, विज्ञान समजावता येतं. लिपीची अडचण येते, ती खरी आहे. ‘राह्यला’ लिहायचं, ‘ऱ्हायला’ की ‘रायला’? कुठलाही नियम अजून ठरलेला नाही. आपल्या कानाला जे पटेल ते एक रूप धरावं आणि पूर्ण लिखाणभर तेच ठेवावं. १८३१च्या आधी पुण्याच्या मराठीचीही अवस्था काही फार वेगळी नव्हती.